तुतुप

बेटाचं नाव कापास. म्हणजे कापूसच.
धक्क्यावरच्या पोराने मुठीत हवा पिंजून दाखवली
आणि मी उगाच हरखले,
परक्या गावात माहेरचं कुणी भेटल्यासारखी.
तेवढंच. त्यानंतर नऊ दिवस
माझ्याजवळ कोरडं असं काही नव्हतं.

डिसेंबर. बोटी वाळूत पालथ्या.
खुर्च्या एकमेकींच्या मांडीत बसवून दोरीने आवळलेल्या.
फळ्यावर खडूने लिहिलेल्या यादीतले
पदार्थ वाहून गेलेत, भाव तेवढे राहिलेत.

खोली आहे? सेनाह म्हणाली, तुतुप. बंद.
जेवण? तुतुप.
परतीची बोट? तिने समुद्राकडे हनुवटी उडवली.
मग माझ्या सॅकखाली जमलेलं तळं पाहून
चार नंबरची किल्ली काढून दिली.
नावाची वही उघडलीच नाही.

पाऊस इथे पडत नाही, राहतो.
पत्र्यावर झोपतो, पहाटे कूस बदलतो,
भांडी हलवतो, दार लावायला विसरतो.
माझे दोन जोड मोजे सहा दिवस दोरीवर,
सॅकच्या पट्ट्याला हिरवी लव,
पासपोर्ट तांदळाच्या डब्यात पुरलेला.
रोज सांजेला सेनाह वरून दोन वाट्या काढते,
रोज मी थोडी थोडी वर येते,
परवा कपाळ दिसलं.

जनरेटर सात ते नऊ.
तेवढ्या उजेडात आम्ही सुक्या मासळीची डोकी खुडतो.
तिचे वीस इंग्रजी शब्द, माझे तीन मलय,
बाकी सगळं बोटांनी.
घरात कोण कोण, मी विचारते.
सुआमी, ती म्हणते. नवरा.
स्वामी! मी खो खो हसते,
आमच्याकडे हा शब्द देवाला नाहीतर संन्याशाला.
ती हसत नाही.
मासळीचे हात तसेच धरून दारापर्यंत नेते मला.

पलीकडे किनारा. हाक मारली तर ऐकू जाईल
असं वाटावं इतका जवळ.
दिव्यांची ओळ. डावीकडून तिसरा, ती म्हणते.
पावसाचे महिने तो तिथे, पहिलीकडे.
उरलेले इकडे, कारण पाहुणे इकडे.
बटाट्याचा भाव सांगावा तसं सांगते
आणि येऊन पुन्हा खुडायला बसते.

त्यानंतर रोज रात्री मीही मोजायला लागले.
कधी सात दिवे, सर आली की पाच.
पाचांतला तिसरा कुठला, मला कळायचं नाही.
तिला कळायचं.

मी पन्हाळीतली पानं उपसली.
पाण्याखाली बघायचे चष्मे पुसून मोजले, एकेचाळीस,
प्रत्येकाच्या आत कुणाचा तरी उन्हाळी श्वास.
एक दिवस काहीच केलं नाही,
ओल्या गादीच्या कोरड्या कडेवर पडून
छतावरच्या पालीला घरची सगळी गाऱ्हाणी सांगितली.

नवव्या दिवशी इरवान ओरडत आला.
बोट निघतेय, आत्ता, नाहीतर बुधवारी.
मी पैसे पुढे केले. सेनाहने हात पाठीमागे घेतले.
बंद आहे ना, म्हणाली. बंद असताना भाडं कसलं?
जूनमध्ये ये.
दुप्पट घेईन.
तोंडभर हसेन, आणि तुला ओळखणार नाही.

पासपोर्टच्या पानांत दोन दाणे निघाले.
मोज्यांचा एक जोड दोरीवरच राहिला.

बोट किनाऱ्याला लागताना दिवस होता, दिवे नव्हते,
सगळी घरं सारखीच, भिजून एकाच रंगाची.
तरी मी डावीकडून मोजलं.
तिसऱ्या घरापुढे एक बाई
डोक्यावर घमेलं पालथं धरून
खुर्च्या आत घेत होती.
दोनच खुर्च्या.